तळघरातल्या मावशीची दुरुस्ती

शेवटी बाइंडरची बदली पाणीपुरवठा खात्यात झाली. पण हे आपल्या कानावर आलेलंच नाही असं धरून चालू; कारण त्या सोमवारी सकाळी साडेदहाला ते त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं आणि तो नगरपालिकेच्या वाचनालयाच्या तळघरात शेगडीसमोर उभा राहून खळ ढवळत होता. खळीत गुठळी होऊ द्यायची नाही, एवढी एकच महत्त्वाकांक्षा घेऊन तो बावीस वर्षं कामावर येत होता आणि ती बहुतेक रोज पुरी होत होती.

काउंटरवरच्या ताई नऊ पुस्तकं छातीशी धरून जिना उतरल्या आणि त्यांनी ती टेबलावर आदळली.

"भाऊ, ही नऊ. आणि ही वरची चिठ्ठी जरा तुम्हीच बघा."

"शिवण सुटलीय?"

"शिवण ठणठणीत आहे. कुणाचं तरी डोकं सटकलंय."

चिठ्ठी म्हणजे दुरुस्ती-चिठ्ठी. या वाचनालयात तिच्याएवढा मान दुसऱ्या कुठल्याच कागदाला नव्हता. फाटलेलं पान, सुटलेला फर्मा म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, कुरतडलेला कोपरा असं काही आढळलं की वाचकाने ती भरून पुस्तकात ठेवायची. तिच्यावर पाच रकाने होते: पुस्तक क्रमांक, पान, दोष, काय केले, सही. शेवटचे दोन बाइंडरचे. कोणताही रकाना रिकामा सोडू नये, असं खाली जाड अक्षरात छापलेलं होतं. ग्रंथपाल मॅडम एरवी मऊ स्वभावाच्या होत्या, पण रिकामा रकाना दिसला की त्यांना जेवण जात नाही, असं ताई सांगत.

बाइंडरने हात पुसून चिठ्ठी उजेडात धरली. पुस्तक होतं 'तळघरातली मावशी', गेल्याच वर्षी आलेली भयकादंबरी. पान त्रेसष्ट. दोषाच्या रकान्यात टपोऱ्या, सरळ अक्षरात लिहिलं होतं: "या घराला तेरा खोल्या आहेत, संडास एकही नाही. भूत आहे की नाही हा पुढचा प्रश्न. अशा घरात मुळात माणूसच राहायला येणार नाही, मग भूत घाबरवणार कुणाला?"

प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून रेघ मारलेली होती.

बाइंडरने पानं मोजली. दोनशे अठ्ठ्याऐंशी. संडास ज्या पानावर असू शकला असता असं एकही पान गळालेलं नव्हतं. त्याने 'काय केले'च्या रकान्यात लिहिलं: "पाने मोजली. पूर्ण आहेत." सही केली आणि पुस्तक वर पाठवलं. जेवणाच्या सुट्टीआधीच ते परत खाली आलं. चिठ्ठीवर मॅडमची लाल पेन्सिल फिरली होती: "दोष संडासाचा आहे, उत्तर पानांचे आहे. जुळत नाही."

तो वर गेला.

"मॅडम, हा पुस्तकातल्या घराचा दोष आहे. पुस्तकाचा नाही."

"पुस्तक आपलं आहे ना?"

"आहे."

"मग घरही आपलंच झालं." मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे बघा, मला भुताखेतांतलं काही कळत नाही. मला रकाना कळतो. तुम्ही काहीतरी करा, आणि काय केलंत ते लिहा. मी कशाला नाही म्हणतेय?"

बाइंडर खाली आला. पुस्तकाच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला त्या घराचा नकाशा छापलेला होता. त्याने बारीक निबाचा टाक घेतला आणि मागच्या व्हरांड्याच्या टोकाला चार बाय चारची एक खोली काढली. तिचं दार त्याने बाहेर उघडणारं दाखवलं, कारण आत उघडलं असतं तर बादली ठेवायला जागा उरत नव्हती. मग चिठ्ठीवर लिहिलं: "संडास बांधला."

मॅडमनी बरोबरची खूण केली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण पंधरा दिवसांनी तेच टपोरं अक्षर 'चारशे झोपलेले' या विज्ञानकादंबरीतून खाली आलं. "पान ११८. चारशे प्रवासी आणि बाहेर पडायला एकच दरवाजा. अशा यानाला परवानगी दिली कुणी? आगीचं वर्णन लेखकाने जीव ओतून केलं आहे. त्यातला थोडा जीव त्याने दरवाजासाठी राखून ठेवायला हवा होता."

बाइंडरने ताईंच्या प्रिंटरवर कादंबरीतल्या टाइपाशी जुळणारी एक बारीक पट्टी छापून घेतली: "यानाच्या मागच्या बाजूला दुसरा दरवाजा होता." ती त्याने पान ११८च्या तळाशी इतकी बेमालूम चिकटवली, की बोट फिरवलं तरी काठ लागू नये.

तीन आठवड्यांनी हिरव्या शाईत वेगळ्याच वाचकाची चिठ्ठी आली: "मागे दरवाजा होता तर चारशेच्या चारशे माणसं मेली कशी?"

प्रश्न रास्त होता. बाइंडरने दुसरी पट्टी लावली: "पण त्याला बाहेरून कुलूप होतं."

यावर टपोरं अक्षर परत आलं. ते अक्षर एका बाईंचं, एवढंच ताईंकडून कळलं होतं; त्यांनी कादंबरी दुसऱ्यांदा नेली होती. "संकटकाळच्या दरवाजाला कुलूप लावणं हा गुन्हा आहे. जबाबदार कोण?"

बाइंडरने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या पट्टीवर छापलं: "कुलूप कप्तानाच्या मेहुण्याने लावलं होतं."

या उत्तरावर तो खूश होता. मेहुण्यावर ढकललं की सहसा कुणी पुढे विचारत नाही. पण चौथी चिठ्ठी आलीच: "कप्तान पान ९ वर अविवाहित आहे आणि त्याला बहीणही नाही. मेहुणा आला कुठून? दुरुस्ती करणाऱ्याने पुस्तक वाचलेलं दिसत नाही."

शेवटचं वाक्य त्याला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. त्याने आजवर एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. हे काम त्याला त्याच्या मामाने शिकवलं, आणि मामाने पहिल्याच दिवशी दाभण हातात देताना सांगितलं होतं, की पुस्तकाकडे पाठीकडून बघायचं. तोंडाकडून बघायला लागलास की खळ वाळलीच म्हणून समज. बाइंडरला पुस्तकांच्या पाठी ओळखता येत. भयकादंबऱ्या नेहमी शेवटच्या फर्म्यात उसवत, कारण लोक शेवट आधी बघत. ड्रॅगनच्या जाड कादंबऱ्या मधोमध मोडत, तिथे बहुधा लढाई असे. आत काय आहे ते त्याला कधी हवंसं वाटलं नव्हतं.

मग एक चिठ्ठी अशी आली, की तिचं काय करायचं ते मामाने शिकवलेलं नव्हतं. 'आठव्या चंद्राचे भाडेकरू', पान १७७. दोष: "दोष नाही. इथे थांबले. चहा गार झाला."

बाइंडरने ती तीनदा वाचली. दोष नाही, तर दुरुस्ती काय करायची? आणि रकाना तर रिकामा सोडता येत नाही. त्याने पान १७७ उघडलं.

त्या पानावर आठव्या चंद्रावर राहणारा एक कारकून घरी पत्र लिहीत होता. पत्र पोचायला साठ वर्षं लागणार होती आणि हे त्याला माहीत होतं. त्याने हवा कशी आहे ते लिहिलं, भाडं किती आहे ते लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: निघताना गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतरवलंस ना?

बाइंडर स्टुलावर बसला. मग त्याने पान एक उघडलं. शेगडीवरच्या खळीला आधी साय धरली, मग गुठळी झाली, मग ती भांड्याच्या बुडाला लागली, आणि वास वरच्या मजल्यावर गेला तेव्हा ताई धावत खाली आल्या.

"भाऊ! अहो, आग लागलीय का?"

"नाही," बाइंडर मान वर न करता म्हणाला. "त्याच्या आईने दूध उतरवलं होतं. पण ते त्याला कधी कळणार नाहीये."

ताईंनी गॅस बंद केला आणि त्या वर गेल्या. बाइंडरने संध्याकाळी चिठ्ठी भरली: "वाचले."

त्यानंतर तो आधी पुस्तक वाचायचा आणि मग दुरुस्ती करायचा. कपाट एकच होतं, 'अद्भुत' अशी पाटी असलेलं, आणि त्यात गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या सत्तावीस कादंबऱ्या होत्या. बाई त्या सगळ्या ओळीने नेत होत्या आणि प्रत्येकीत तीन-चार चिठ्ठ्या ठेवून आणत होत्या. त्यांची मतं ठाम असत. भविष्यात कुणीच झाडू मारताना दिसत नाही, मग एवढी स्वच्छता येते कुठून, असं त्यांनी एका चकचकीत शहराबद्दल विचारलं. जादूला वजनाची मर्यादा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. किती माणसं, किती किलो, हे आधी सांगितलेलं नसेल तर शेवटी जादूने डोंगर उचलला काय आणि नाही काय, वाचकाच्या पोटात गोळा येत नाही. चांगल्या भुताला काहीतरी नेम हवा. वाटेल तेव्हा येतं ते भूत नव्हे, ते पाहुणे. एका तलवारबहाद्दर राजकन्येच्या कादंबरीवरच्या पहिल्या चिठ्ठीत त्यांनी फक्त एवढंच लिहिलं होतं: "सहाशे पानं. कुणालाही एकदाही भूक लागलेली नाही."

बाइंडरने त्या कादंबरीत तीन ठिकाणी जेवण घातलं.

हळूहळू 'काय केले'च्या रकान्यात तो दुरुस्तीबरोबर आणखीही काही लिहू लागला. "झाडूवाला घातला. पण मला वाटतं, ते शहर मुद्दाम झाडूवाल्यांना लपवतं. पान ३०० परत बघावे." बाईंनी पान ३०० परत बघितलं आणि पुढच्या चिठ्ठीवर लिहिलं: "मान्य. दोष मागे." मॅडमनी सगळ्या चिठ्ठ्यांवर बरोबरची खूण केली. रकाने काठोकाठ भरत होते. त्यांना आणखी काय हवं होतं?

ही बाई कोण, ते बाइंडरने ताईंना एकदाच विचारलं.

"सभासदाचं नाव सांगायची परवानगी नाही," ताई म्हणाल्या. "पण आल्या त्या पहिल्या दिवशी मला विचारलं, पुस्तकाबद्दल काही लिहायचं असलं तर कुठे लिहू? माझ्यासमोर हाच गठ्ठा पडला होता. म्हटलं, यावर लिहा." त्यांनी क्षणभर विचार केला. "माझंच चुकलं का हो?"

"नाही, नाही," बाइंडर घाईने म्हणाला.

दहा महिने असे गेले. वर्षअखेरची मोजणी सुरू झाली, आणि एक दिवस ताई पुस्तकांशिवाय खाली आल्या. त्यांच्या हातात एक यादी होती.

"बाद पुस्तकांची. मॅडम म्हणाल्या, तुमची सही लागेल. लगद्याच्या कारखान्याची गाडी सोमवारी येतेय."

यादीत सत्तावीस नावं होती. पहिलंच नाव 'तळघरातली मावशी'.

"ही बाद का? हिची शिवण मी स्वतः घातलीय. आपण सगळे जाऊ, ही राहील."

"नियमच आहे, भाऊ. एका वर्षात तीन दुरुस्ती-चिठ्ठ्या आल्या की पुस्तक बाद. आजवर कुठल्या पुस्तकाला तीन आल्याच नव्हत्या म्हणून कुणाच्या लक्षात नव्हतं. तुमच्या 'चारशे झोपलेले'ला अकरा आल्यात."

बाइंडरने यादी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर वजन ठेवलं, जणू ती उडून जाणार होती. संबंध वाचनालयात या सत्तावीस पुस्तकांवर सगळ्यात जास्त जीव असलेल्या बाईने चिठ्ठी चिठ्ठी करून त्यांना लगद्याच्या दारात नेऊन उभं केलं होतं. आणि प्रत्येक पायरीवर तिला हात द्यायला तो होता.

"ताई, त्या बाई भेटतील कुठे?"

"नाव सांगायची परवानगी नाही."

"नाव नको."

ताईंनी खिडकीतून, म्हणजे तळघराच्या खिडकीतून दिसतात तेवढे रस्त्यावरचे पाय पाहिले. "समोरच्या विमा कचेरीची लिफ्ट सकाळपासून बंद आहे," त्या म्हणाल्या. "का बंद आहे, ते जाऊन बघायला काही कुणाची परवानगी लागत नाही."

विमा कचेरीच्या लिफ्टचं दार उघडं होतं. आत एक पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या, पांढऱ्या केसांच्या बाई गुडघ्यांवर बसून दाराच्या खाचेत पट्टी घालून पाहत होत्या. कपाळावर दिवा बांधलेला, शेजारी हत्यारांची पिशवी, आणि पिशवीतून 'अडतीस अंडी' ही ड्रॅगनची कादंबरी डोकावत होती.

"आत या नाहीतर बाहेर राहा," त्या न बघता म्हणाल्या. "मधे उभं राहायचं नाही."

बाइंडर आत गेला. बाईंनी दार लावलं, बटण दाबलं, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट गचका देऊन थांबली.

"घाबरू नका, मीच थांबवलीय. ब्रेकची चाचणी आहे. दहा मिनिटं इथेच टांगून ठेवायची आणि किती घसरते ते बघायचं. तुम्ही विम्यातले?"

"मी समोरच्या वाचनालयातला. बाइंडर."

बाईंनी कपाळावरचा दिवा त्याच्या तोंडावर आणला, मग ओशाळून विझवला.

"संडास बांधला ते तुम्ही?"

"हो."

"दार बाहेर उघडणारं. मी बघितलं होतं. बरं वाटलं."

"बादलीला जागा हवी ना."

"तेच तर कुणाला सुचत नाही," बाई म्हणाल्या. मग दोघांनीही लिफ्टच्या आकड्यांकडे बघितलं. तिथे तीन आणि चार यांच्यामधलं काहीच दिसत नव्हतं.

बाइंडरने सांगून टाकलं. तीन चिठ्ठ्यांचा नियम, यादी, सोमवारची गाडी. बाईंनी मधे एकदाच विचारलं, "तीनच?" आणि तो "तीनच" म्हणाला.

त्या हत्यारांच्या पिशवीवर बसल्या.

"एकतीस वर्षं लिफ्टा तपासतेय मी," त्या म्हणाल्या. "ज्या लिफ्टवर मी पानभर दोष लिहिते ना, ती चालावी म्हणून लिहिते. बादच करायची असली तर एक ओळ पुरते. जिच्यात काही अर्थ नाही तिच्यावर कोण वेळ घालवेल?" त्यांनी ड्रॅगनची कादंबरी पिशवीत खोल सारली, जणू तिला हे ऐकू जायला नको होतं. "हा ड्रॅगन पान साठवर नर आहे आणि दोनशे दहावर अंडी घालतो. मी आज तेच लिहिणार होते. नाही लिहीत. आता कशावरच नाही लिहीत."

हेच ऐकायला बाइंडर आला होता. पण ऐकल्यावर त्याला, शिवण पुरी झाली आणि एक फर्मा टेबलावरच राहिला, असं काहीतरी वाटलं.

"तसं नाही..." तो म्हणाला.

"मग कसं?"

बाइंडरने लिफ्टच्या बटणांवरचे आकडे एकदा मोजले.

"बरं, ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "मावशी कशी वाटली तुम्हाला? रकान्यात मावेल एवढंच सांगू नका. अजून सहा मिनिटं आहेत."

बाइंडरला आजवर पुस्तक कसं वाटलं असं कुणी विचारलं नव्हतं. त्याने शर्टाला हात पुसले, हातांना काही लागलेलं नसताना.

"मला वाटतं, ती चिडलेली नाहीये," तो म्हणाला. "तिचा आवाज आला की सगळे तळघराचं दार लावून घेतात. म्हणून ती दार वाजवते. मग ते आणखी घाबरतात. दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं झाली, पण एकाने तरी म्हटलं का, मावशी, वर येता का म्हणून?"

बाईंनी खिशातून वही काढली, पट्टीने एक रेघ मारली आणि तिच्यावर काहीतरी लिहिलं.

"हे माझ्या लक्षात नव्हतं आलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे संडास बांधून काही उपयोग नव्हता."

"होता की. वर आली असती तर लागलाच असता."

लिफ्ट सात मिलिमीटर घसरली होती. बाईंनी तेही लिहिलं, बटण दाबलं, आणि दोघं खाली आले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाइंडरने वाचनालयाची नियमावली वाचायला घेतली. सुरुवात संथ होती. पात्रं फार नव्हती, आणि जी होती ती सतत एकमेकांना कळवत होती. पण दहा महिन्यांत तो एक गोष्ट शिकला होता, की मधेच सोडायचं नाही. कलम एकोणीसपाशी तो थांबला. दोष बांधणीमुळे उत्पन्न झाला असल्यास तो पुस्तकाचा धरू नये; बाइंडरचा धरावा व त्याप्रमाणे कार्यवाही करावी.

त्याचा डबा तसाच राहिला.

पुढचे तीन दिवस तो लिहीत होता. शनिवारी सकाळी त्याने सत्तावीस कादंबऱ्यांचा जबाब मॅडमच्या टेबलावर ठेवला. जवळजवळ शंभर दोष होते, प्रत्येकाला स्वतंत्र ओळ होती, एकही रकाना रिकामा नव्हता.

मॅडमनी वाचायला सुरुवात केली. घरास संडास नसणे: फर्मे जुळवताना माझ्याकडून राहून गेला. यानास एकच दरवाजा असणे: दुसरा दरवाजा शिवणीत गेला. राजकन्येस भूक न लागणे: कडा कापताना जेवणे कापली गेली. भुतास नेम नसणे: खळ पातळ झाल्याने.

त्यांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही कशावर सही केलीय?"

"सगळे रकाने भरलेत, मॅडम."

"ते दिसतंय मला." त्यांनी पान उलटलं. "आणि हे? ही चिठ्ठी तर माझ्याकडे आलेलीच नाही. नर ड्रॅगनने अडतीस अंडी घालणे."

"येणार होती. माझ्या शिवणीमुळेच झालं ते."

"खरंच अडतीस घालतो?"

"एकोणचाळीस. एक अंडं पान दोनशे बारावर फुटतं, म्हणून नावात अडतीस."

मॅडमनी त्या ओळीपुढे पेन्सिलीने एक टिंब दिलं. बाहेर काउंटरवर ताई शिक्के मारत होत्या. आता तो आवाज थांबला होता, म्हणजे त्या ऐकत होत्या.

"बावीस वर्षांत तुमचं एक पान उलटं लागलेलं मला माहीत नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पण हे एकदा माझ्या टेबलावर आलं, की माझ्याकडे दुसरा रकाना नाही हो."

"मला माहीत आहे. कलम वाचलंय मी."

मॅडमनी बादच्या यादीवर तिरपी रेघ मारली. मग एक नवा कागद घेतला आणि त्यावर तारीख घातली.

सोमवारी गाडी आली आणि रिकामी गेली. बाइंडरने शेगडी घासली, दाभणं पुसून डबीत ठेवली. ताईंनी त्याला जिन्यात गाठलं आणि सांगितलं, की मॅडमनी चिठ्ठीवर सहावा रकाना छापायला टाकलाय: वाचकाचे मत, दोष धरू नये. बाइंडरला आनंद झाला. त्याने नमुना नीट वाचून पाहिला. मताला उत्तर द्यायला मात्र त्यात जागा ठेवलेली नव्हती.

"आणि 'अडतीस अंडी' कपाटात नाहीये," ताई कुजबुजल्या. "परत आल्याआल्या मॅडमच्या ड्रॉवरमधे गेली. मी काही बोलले नाही."

पाणीपुरवठा खात्यात बाइंडरचं काम सोपं होतं. निकाली निघालेल्या फायली शिवायच्या, पाठीवर क्रमांक घालायचा, मांडणीत लावायच्या. तिथे खळ तयार डब्यात येई, तिच्यात गुठळ्या होत नसत. फाइल उघडून बघायची गरज नाही, असं हेडक्लार्कनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं; आणि मामाच्या तोंडी शोभेल असं काहीतरी उत्तर देऊन तो जागेवर जाऊन बसला.

दहाव्या दिवशी हेडक्लार्कच्या टेबलावर एक अर्ज आला. तो साध्या कोऱ्या कागदावर होता, पण पट्टीने रकाने आखून घेतलेले होते. त्यांनी तो दोनदा वाचला, आवकचा शिक्का मारला, आणि कुठल्या मांडणीत ठेवावा हे न कळल्यामुळे तो बराच वेळ हातातच धरून ठेवला.

"विषय: फाइलचा पुढील भाग मिळणेबाबत.

महोदय, सदर फाइलमध्ये एका बाईंचे एकोणीस वर्षांचे अर्ज व त्यांवरील शेरे आहेत. त्यांच्या दाराच्या डाव्या हातास असलेला नळ उजव्या हातास हवा आहे, कारण डावीकडे त्यांचे पती खुर्ची टाकून बसतात व त्यांच्या अंगावर पाणी उडते. प्रत्येक अर्जावर 'कार्यवाही चालू' असा शेरा आहे. पान ८८ वर बाई लिहितात, की आता खुर्ची काढली आहे, नळ आहे तिथे राहू दिला तरी चालेल. त्यावर 'निकाली' असा शेरा मारून फाइल संपवण्यात आली आहे. पाने मोजली. पूर्ण आहेत. शिवणीत दोष नाही.

तरी पान ८८ च्या पुढचा भाग उपलब्ध करून द्यावा. आणि तो लिहिला गेला नसल्यास, सदर नळ पान ८७ च्या आत उजव्या हातास हलवून मिळावा, ही नम्र विनंती."